बुरुलचा एजेच्या कानाखालून गेलेल्या गाड्या

आमच्या कोचकोर गावात कुणालाही विचारा. बुरुलचा एजे, म्हणजे आमची बुरुलचाताई, गाडीच्या शिंकेवरून ड्रायव्हरचं लग्न टिकणार की मोडणार ते सांगते, असं तो छातीवर हात ठेवून सांगेल. आमच्या वर्गातल्या एका मुलीच्या मामाची गाडी म्हणे तिने नुसती ऐकली, मान हलवली आणि म्हणाली, "हे फार दिवस धरून राहणार नाही." चौथ्या दिवशी मामी माहेरी!

साफ खोटं. आमची आणि एजेच्या गॅरेजची भिंत एकच आहे आणि मी त्या दिवशी भिंतीवर बसून सूर्यफुलाच्या बिया खात होते. एजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगबद्दल बोलत होती. मामी माहेरी गेली ती मामाने स्प्रिंग बदलायला म्हणून तिच्या शिवणयंत्राचे पैसे उचलले तेव्हा.

तर खरी बुरुलचा एजे अशी. वय एकावन्न, डोक्याला पांढरा रुमाल, हात माझ्या मांडीएवढे. बाप सामूहिक शेतीच्या ट्रॅक्टर डेपोत लेथवर होता. डेपो बंद पडला तेव्हा लोकांनी पत्रे नेले, खिडक्या नेल्या. एजेच्या बापाने लेथ आणला. त्याच लेथवर ती आता जिल्ह्यातल्या सगळ्या टर्बोवाल्या पोरांना शिंका कातून देते.

शिंक म्हणजे काय, ते ती प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला एकाच दमात ऐकवते. मला पाठ आहे. "हे बघ पोरा. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. तू पाय उचललास की आतलं दार बंद. दाबलेली हवा जाणार कुठे? कंपनीचा व्हॉल्व्ह तिला गुपचूप मागच्या पाइपात परत नेतो. तुला पाहिजे तो व्हॉल्व्ह तिला बाहेर फेकतो. प्श्शू! पोरी वळून बघतात. पण गाडीच्या कॉम्प्युटरने ती हवा आधीच मोजलेली असते. पाच पाहुणे मोजले, पाच जणांचं ताट वाढलं आणि दोघं खिडकीतून पळाले. उरलेलं कोण खाणार? तुझं इंजिन. मग ते ढेकर देतं, काळा धूर सोडतं, कधी बंदही पडतं. तरी पाहिजे?"

"पाहिजे, एजे."

"मग कंपनीचा व्हॉल्व्ह इथे राहणार."

हा तिचा नियम. काढलेला मूळ व्हॉल्व्ह ती कधीच गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीत घालते, वर नाव लिहिते आणि फळीवर ठेवते. कुणी मागितला तर म्हणते, "अक्कल आली की ये." त्या फळीवर सव्वीस बरण्या आहेत. जिल्ह्यातल्या सव्वीस बेअक्कल पोरांची नावं सुवाच्य अक्षरात.

त्यातली एक बरणी आमच्या गल्लीतल्या एलदियारची. जुलैत त्याने पांढऱ्या जपानी स्टेशन वॅगनला शिंक बसवून घेतली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी तो आईला, म्हणजे साकिन अपाला घेऊन नारिनला निघाला, बहिणीच्या बाळाच्या पाळण्याला. निघाल्यावर गावाबाहेरच्या चढावरून त्याने सगळ्या मित्रांच्या ग्रुपवर शिंकेचा आवाज पाठवला. माझा भाऊ त्या ग्रुपवर. मी भिंतीवर बसून तो आवाज तिसऱ्यांदा लावला, कारण त्यात साकिन अपा मागून ओरडत होती, "हळू रे, माझ्या मांडीवर अंडी आहेत!" आणि मला तो 'अंडी'वरचा हेल घोटवायचा होता.

भिंतीपलीकडचा लेथ बंद झाला.

"साळुंकी," एजे म्हणाली. मी सगळ्यांच्या नकला करते म्हणून मला ती साळुंकीच म्हणते. "परत लाव."

मी लावला.

"अंडी नको. त्याच्या आधीचं."

मी आधीचं लावलं. प्श्शू नव्हतं ते. प्फ्लफ होतं. नाक चोंदलेल्या म्हाताऱ्याने बाहीत शिंकावं तसं.

एजेने हात पुसले. "साकिनने इंजिनावर नमदा घातलाय का गं?"

आता हे काय विचारणं झालं? ऑक्टोबरात इंजिनावर नमदा कोण घालत नाही? लोकर कुटून जाड नमदा करायचा, बॉनेटखाली अंथरायचा, गाडी रात्रभर गरम. साकिन अपाचा तर काठाला लाल शिंगांची नक्षीवाला. आठवडाभर दोरीवर वाळत होता, सगळ्या गल्लीने पाहिला.

एजे टायरवर मटकन बसली. तिला मी त्याआधी कधी बसलेली पाहिली नव्हती.

"मी शिंकेचा तो कर्णा, हवा बाहेर पडायचं नळकांडं, वर तोंड करून बसवलाय," ती म्हणाली. "इंजिन हळू चालू असलं की तो उलटी हवा ओढतो. वर नमदा. लोकर ओढली गेली. आता तो नीट मिटत नाही. चढावर दम लागेल, आणि डोलोनचा घाट उतरताना याने पाय उचलला की इंजिन बंद. इंजिन बंद की स्टिअरिंग दगडासारखं आणि ब्रेकचं पेडल दोन दाबांत कडक." मग जरा थांबून, "वर सकाळीच बर्फ पडलाय."

एलदियारला फोन लावला. लागेना. सारी-बुलाकच्या अलीकडे रेंज जातेच. सारी-बुलाकला मात्र असते, आणि तिथे गुल्सुनचं खानावळीचं टपरं आहे. त्यानंतर घाट. म्हणजे थांबवायचं तर तिथेच.

"गुल्सुन, एक पांढरी गाडी अडव."

फोनमधून गुल्सुनचा आवाज मला भिंतीपर्यंत आला. "बये, इथे सगळ्या पांढऱ्याच असतात! नंबर सांग."

नंबर एजेला कुठला माहीत! तिला गाड्या कानाने ठाऊक. तिने माझ्याकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं, रुमाल नीट केला आणि एकावन्न वर्षांची ती धिप्पाड बाई फोनमध्ये तोंड घालून म्हणाली, "प्फ्लफ."

"काय?"

"प्फ्लफ! अशी शिंकते ती. ड्रायव्हरला सांगायचं, रेस दे आणि पाय सोड. प्फ्लफ आलं की किल्ली काढून घे."

"बुरुलचा, बरी आहेस ना? सर्दीला मेंढीची चरबी चोळ."

"गुल्सुन," एजे म्हणाली, "त्यात साकिन बसलीय." आणि गुल्सुनने लगेच फोन ठेवला.

एलदियारची बरणी, पान्यांची पिशवी आणि मी, अशा तीन वस्तू एजेने आपल्या जुन्या रशियन जीपमध्ये टाकल्या. पुढे पस्तीस किलोमीटर. मी एरवी कुणाची तरी नक्कल केली असती. त्या दिवशी मी बरणी सांभाळत बसले. रस्त्याकडेला कुठे पांढरं दिसलं की ती पाय सैल करायची. कधी मेंढ्या, कधी खडूचे ढिगारे. एकदाच म्हणाली, "जुलैत नमद्याची आठवण कुणाला होते?" मला नव्हतं विचारलं ते.

सारी-बुलाकला पोचलो तर रस्त्याच्या मधोमध गुल्सुन, हातात लगमानच्या जाड शेवया उपसायचा लांब झारा. समोर अकरा गाड्यांची रांग. त्यात एक मेंढ्यांचा ट्रक, आणि एक कोट-टायवाले साहेब खिडकीतून डोकं काढून विनवत होते, "बाई, माझी डिझेल आहे हो, ती शिंकत नाही."

"सगळे असंच म्हणतात," गुल्सुन म्हणाली. "रेस द्या."

एजेने रांग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून पाहिली. एलदियारची गाडी त्यात नव्हती.

"तुझ्या फोनच्या आधी दोन पांढऱ्या वर गेल्या," गुल्सुन हळूच म्हणाली.

एजे घाटाकडे तोंड करून उभी राहिली. वरचा अर्धा डोंगर ढगात होता. तिने बरणी काखेत मारली आणि जीपची किल्ली काढली.

आणि टपऱ्याच्या मागून आलं:

प्फ्लफ.

एजे धावली. मी तिला धावताना पहिल्यांदा पाहिलं आणि बाजूला झाले, कारण मधे सापडले असते तर उरले नसते. मागे झऱ्यापाशी पांढरी गाडी उभी होती. एलदियार एकटाच इंजिन रेस करत, कपाळाला आठ्या घालून बसला होता. "एजे? ही शिंक अशी का येतेय गं? कधीची तपासतोय—"

"साकिन कुठेय?"

साकिन अपा गुल्सुनच्याच स्वयंपाकघरात, कोपरापर्यंत पिठात. गुल्सुनची आचारीण तिच्या शाळेतली मैत्रीण निघाली होती. गाडी मागच्या वाटेने झऱ्याकडे वळलेली, म्हणून गुल्सुनला दिसलीच नव्हती. पाऊण तास झाला, दोघी लगमान ओढत सगळ्या वर्गाची उणीदुणी काढत होत्या. गुल्सुन रस्त्यावर झारा घेऊन अख्खं खोरं अडवत होती आणि जिला वाचवायचं ती तिच्याच चुलीपाशी!

"अगंबाई, बुरुलचा!" साकिन अपा म्हणाली. "तू पण नारिनला?"

एजेने तिला मिठी मारली. पिठासकट. इतकी घट्ट की अपा आतून ओरडली, "अंडी! खिशात अंडी आहेत!" एजे हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तिने अपाच्याच खांद्याला तोंड पुसलं. बाहेर गुल्सुनने झारा खाली केला. अकरा गाड्या सुटल्या. साहेबांनी जाताना हॉर्न दिला, रागाने की आनंदाने कोण जाणे.

बॉनेट उघडलं. नमद्याला कर्ण्याच्या मापाचं गोल भोक, उंदराने कुरतडल्यासारखं, आणि व्हॉल्व्हच्या तोंडात लोकरीचा बोळा. साकिन अपा नमद्याकडे बघून म्हणाली, "म्हणजे माझाच—"

"तुझा नाही," एजे ठाम बोलली. "चूक माझी. मी उन्हाळ्यात उन्हाळ्याचाच विचार केला."

वीस मिनिटांत बरणीतला व्हॉल्व्ह गाडीत आणि गाडीतली शिंक बरणीत. गाडी मांजरासारखी गुपचूप घाट चढून गेली. आम्ही गुल्सुनकडे दोन-दोन वाट्या लगमान खाल्लं आणि थांबलो. साडेचारला फोन वाजला. 'पोचलो. बाळ बापासारखं दिसतं, इलाज नाही.' एजेने तो निरोप चार वेळा वाचला आणि तिसरी वाटी मागवली.

परतीच्या वाटेवर मला कंठ फुटला. "एजे, आता साकिन अपा ती शिंक विहिरीत टाकणार."

"परत बसवून घेईल."

"अपा? शक्यच नाही! लाव पैज."

"मी जिंकले तर एक महिना माझी नक्कल बंद. कुणासमोरही नाही."

"आणि मी जिंकले तर मला तू प्फ्लफ करतानाचं रेकॉर्डिंग."

"लागली."

मंगळवारी साकिन अपा स्वतः गॅरेजच्या दारात आली. मी भिंतीवर तयारच होते.

"बुरुलचा, ती शिंक परत घाल बाई."

मी भिंतीवरून पडायची राहिले. "अपा! जीव जात होता तुमचा!"

"जीव शांततेनं जायची वेळ आली होती," ती म्हणाली. "मी स्वयंपाकघरात असते. पुलापासून घरापर्यंत तीन शिंका आल्या तर पोरगा शहाण्यासारखा येतोय. सात आल्या तर लाटणं घेऊन दारात जायचं. नारिनहून आल्यापासून गाडी गप्प. हा काय करतोय कळेचना, डोळ्याला डोळा नाही लागला."

एजेने लेथ चालू केला. कर्ण्याचं तोंड खाली केलं, त्यावर बारीक जाळी बसवली, स्प्रिंग कडक घातली आणि अर्धी हवा आत परत जाईल अशी वाट काढून दिली. हे करताना तिने माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. नुसती ओठांतल्या ओठांत हसत होती.

म्हणून हे लिहून काढलं. तोंडाने करून दाखवायला अजून एकोणीस दिवस आहेत.