सिनेटरचा भिडू

पेर्सिओमामा पंखे दुरुस्त करतो. आमच्या आरोयो पाल्मा गावात वीज कधीही जाते आणि परत येते ती अशा दणक्यात, की कुणाचा तरी पंखा जळतोच. त्यामुळे मामाचं बरं चाललंय. पण कुणी विचारलं, काय करता, तर तो पंख्यांचं नावसुद्धा काढत नाही. मिशी सारखी करत म्हणतो, "मी सिनेटरसाहेबांचा भिडू."

म्हणजे डॉमिनोतला. सिनेटर फाउस्तो ऐंशी ओलांडलेले. आठवडाभर राजधानीत, सांतो दोमिंगोत, कायदे करायचे आणि शनिवारी गावी येऊन दुकानाच्या ओसरीत डाव मांडायचा, हा त्यांचा नेम. मामाच्या पोरीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा धर्मपिता म्हणून तिला त्यांनीच हातात धरलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'कोंपाद्रे' म्हणतात.

सोंगट्या पिसताना सिनेटर घशात इंजिन सुरू केल्यासारखं खाकरायचे. "हंऽऽ... कोंपाद्रे, गाव काय म्हणतंय?"

मामा मनाला येईल ते सांगायचा. मोटारसायकलवाल्यांना पोलीस फार छळतात. कोळ्यांच्या होड्यांवर कर कशाला? पुढेमागे त्याचा कायदा झालेला असायचा. वर्तमानपत्रं लिहायची, पक्षश्रेष्ठींचा निर्णय. पक्षश्रेष्ठी ओसरीत बसून शेंगदाणे खात असायचे.

आणखी एक गोष्ट ओसरीत सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणीच ती बोलत नव्हतं. सिनेटरांना ठिपके दिसत नव्हते. हातातली सोंगटी ते अंगठ्याने चाचपून ओळखायचे. पण टेबलावरच्या कशा चाचपणार? म्हणून मामा प्रत्येक सोंगटी आपटायचा आणि वर ओरडायचा. "पाच आणि सहा, सासूबाई आल्या, उठून उभे राहा." दुसऱ्याने लावली तरी हाच ओरडणार. "मासेवाल्या इबेल्काबाईंनी चार लावली, कालची दिसतेय, वास मारतेय." परक्याला वाटावं, केवढा हा वाचाळ माणूस.

नुर्कामामी म्हणते, राजधानीतही असंच असणार. कागद त्यांना कुणीतरी वाचून दाखवत असणार, आणि जो वाचतो तोच कायदा करत असणार.

मग एका शनिवारी वकील ब्राचे आले. टोकदार बूट, आणि आवाज असा, की शब्द कापसात गुंडाळून देतायत. प्रवासी जहाजांच्या एका कंपनीला आमची किनाऱ्याकडे जाणारी वाट बंद करून तिथे धक्का बांधायचा होता. त्याचा मसुदा सिनेटरांच्या समितीपुढे पडला होता. वकिलांनी भेट म्हणून संगमरवरी डॉमिनो आणला. पांढऱ्यावर फिकट राखाडी ठिपके. सोबत कंपनीचे दोन इंजिनिअर, हसत हसत हरणारे.

"आज तुम्ही जरा आराम करा, पेर्सिओ," वकील म्हणाले. "साहेबांसोबत मी बसतो."

वकील ओरडत नव्हते. वाकून सिनेटरांच्या कानात सांगायचे, "साहेब, इकडे पाच, तिकडे दोन." सिनेटर सगळे डाव जिंकले आणि निघताना मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हंऽऽ... कोंपाद्रे, वकील विचार करून खेळतो हं."

या वाक्यानंतर मामा जेवला नाही. कुस्करलेल्या केळ्यांचा मांगू ताटात थिजून गेला.

पुढच्या शनिवारी तो गेलाच नाही. घरी पंखा उघडून बसला आणि मी दुकानातून आले की चौकशी सुरू.

"आपटतो का तो?"

"नाही मामा. ठेवतो. बाळाला पाळण्यात ठेवावं तसं."

"हं. आणि बर्फ कोण घालतं त्यांच्या ग्लासात?"

"वकीलच."

"किती खडे?"

नुर्कामामीने स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, मी कुणाबरोबर पळून गेले तर एवढं विचाराल का?"

"तू आपटून खेळतेस का?" मामा म्हणाला.

त्याने नवा शर्ट शिवून घेतला. केसांना तेल लावून उगाचच दुकानावरून फेऱ्या मारू लागला, ओसरीकडे न बघता. एकदा तर आतून सिनेटरांचं हसू ऐकून विजेच्या खांबावर आपटला. "माझ्या विनोदांवर ते असं कधी हसले नाहीत," म्हणाला. कपाळावर टेंगूळ होतं, पण त्याबद्दल अक्षर नाही.

तेवढ्यात ग्रामदैवत संताची जत्रा आली. जत्रेत चर्चसमोरच्या चौकात डॉमिनोचा मोठा सामना होतो. मधोमध टेबल, टेबलावर मायक्रोफोन, म्हणजे सोंगटीचा आवाज साऱ्या गावाला ऐकू जावा. पंच फादर. जोडीदारांनी एकमेकांशी बोलायचं नाही, हा नियम. सिनेटर आणि वकील बसले. समोर कोण उतरणार म्हटल्यावर मामाने इबेल्काबाईंचा हात धरला आणि जाऊन खुर्ची ओढली.

"मासे उन्हात पडलेत माझे," त्या म्हणाल्या.

"पडू देत. बस."

मामाने ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. त्यांना कळू दे, मी नसलो की काय होतं. त्याने पहिली सोंगटी ठेवली ती वकिलासारखी, अलगद. सिनेटरांनी मान तिरकी केली. वाट पाहिली. चौकात फक्त लांबच्या स्पीकरवर बचाताचं गाणं वाजत होतं.

"हंऽऽ... आज फार शांत आहे," ते म्हणाले.

वकिलांची आणि इबेल्काबाईंची सोंगटीही अलगदच पडली. त्यांचा अंगठा सोंगटीवरून फिरला, थांबला, पुन्हा फिरला. मग त्यांनी दुहेरी तीन लावली. पाचाच्या टोकाला, जिथे फक्त पाचच लागते.

पाळी मामाची होती. हात वर करून चूक दाखवली असती तर डाव त्याचा, आणि सिनेटर आंधळे झालेत हे अख्ख्या प्रांतात जाहीर. इबेल्काबाई मामाकडे बघत होत्या. मग त्याने आपली सोंगटी अशी हाणली, की मायक्रोफोन उडाला.

"तीनाला तीन आणि सहा, कोंपाद्रे, बैल सुटलाय, लहान पोरं उचला."

सिनेटरांचे खांदे खाली आले.

तेव्हा वकील ब्राचे वाकले. त्यांना वाटलं, कानातच सांगतोय. पण मायक्रोफोन मध्येच आडवा पडला होता, आणि तो कापसातला आवाज चारी स्पीकरवरून चौकभर गेला: "साहेब, ते पाच आहे, तीन नाही. तुम्हाला दिसलं नाही."

दूरवर कुणीतरी बचाता बंद केला.

सिनेटरांनी हातातल्या सोंगट्या पालथ्या घातल्या. "हंऽऽ... पेर्सिओ. तिथे काय आहे?"

"तीन आहे, कोंपाद्रे."

"मलाही तीनच दिसतंय," इबेल्काबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी फादरकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि खिशात ठेवला. "तीन," ते म्हणाले.

तो डाव मामा हरला. पण पुढच्या शनिवारी संगमरवरी डॉमिनो दुकानाच्या मागे कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलेला होता, आणि ओसरीत जुना, मोठ्या काळ्या ठिपक्यांचा. सिनेटर पिसत होते.

"कोंपाद्रे, गाव काय म्हणतंय?"

मामा म्हणाला, गाव किनाऱ्यावर चालत जातं आणि जात राहील. मसुदा समितीतच मेला. एका वर्तमानपत्राने लिहिलं, उतारवयात सिनेटरांची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली.

वकील पुन्हा आले नाहीत. मामाला खुर्ची मिळाली, बर्फ घालायचा मान मिळाला, सगळं मिळालं. तरी परवा सोंगट्या मांडता मांडता त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोंपाद्रे, खरं सांगा. त्याच्याबरोबर जास्त डाव जिंकलात ना?"

सिनेटर बराच वेळ खाकरले. "हंऽऽ... हो."

मामाने दुहेरी सहा अशी आपटली, की रमचा ग्लास इबेल्काबाईंच्या मांडीत गेला.