बिनजिन्याचा मजला

माझ्या धाकट्या भावाची खोली मी जाळली, तेव्हा तो समोर बसून चहा पीत होता. शेजारी त्याची बायको, माझी बायको, माझी मुलगी आणि आमची माय. खोली धडाधड पेटली, पण विझवायला कोणी उठलं नाही. (उठून उपयोगही नव्हता. खोली टीव्हीत होती.)

आमचं लिंबायतचं घर म्हणजे खाली दोन खोल्या आणि वर मोकळी गच्ची. त्या दोन खोल्यांत मी, माझी बायको संगीता, अकरावीतली किंजल (नाव गुजराती, आडनाव खानदेशी आणि भांडण हिंदीतून), भाऊ रवी, त्याची बायको ज्योती आणि माय असे सगळे राहत होतो. सकाळी मोरीपुढे रेशनच्या दुकानासारखी रांग! शेवटी ठरलं, वर मजला चढवायचा. एक खोली रवीची, एक आमची, शिवाय मायचं देवघर. मिस्त्री म्हणाला, "आधी कुठे काय पाहिजे ते घरात ठरवा, मग मला बोलवा."

ठरवायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. म्हणजे मीच घेतलं. मी डाइंग मिलमध्ये कलर मास्टर. कुठल्या कापडावर कुठला रंग बसेल एवढंच मला कळतं. पण आपण थोरले आहोत म्हटल्यावर बाकीचं सगळं आपोआप कळत असणार, अशी माझी ठाम समजूत होती.

किंजलच्या मोबाईलवर तो ठोकळ्यांचा गेम होता. त्यात सगळंच चौकोनी. झाड चौकोनी, गाय चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी! ठोकळ्यावर ठोकळा ठेवायचा की भिंत उभी. "डोळे फुटतील, ठेव तो मोबाईल," असं मी तिला रोज ओरडायचो. त्या दिवशी म्हणालो, "बघू, जरा इकडे दे."

"पप्पा, तुम्हाला क्रिएटिव्ह मोडमध्ये टाकते," ती म्हणाली. "त्यात मरत नाही, सामान संपत नाही आणि हवेत उडतापण येतं."

न मरणारा, न थकणारा, उडणारा! स्वतःबद्दल माझं मत पहिल्यापासून साधारण असंच होतं.

पुढचे काही दिवस मोबाईल माझ्या हातातून सुटला नाही. गेममध्ये आधी खालच्या दोन खोल्या बांधल्या, मग भुर्रकन उडून वरचा मजला चढवला. भिंती सागवानी लाकडाच्या. (आम्हाला परवडणाऱ्या विटा गेममध्ये होत्या, पण दिसायला गरीब वाटत होत्या.) खाली लाल गालिचा, खिडक्यांना काचा, गच्चीवर कारंजं. संगीता म्हणायची, "अहो, भाजी आणता का?" मी म्हणायचो, "थांब गं, छत टाकतोय." किंजल बिचारी अभ्यास करू लागली. तिला दुसरा इलाजच उरला नव्हता.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. किंजलनं मोबाईल टीव्हीला जोडून दिला. मी उडत उडत घर दाखवू लागलो. "हे बघा, ही आमची खोली... हा पॅसेज... ही रवीची खोली..."

"एक नंबर, दादा!" रवी म्हणाला. मी आणखी थोडा वर उडालो.

मायनं चष्मा पुसला, टीव्हीकडे पाहिलं आणि अहिराणीत विचारलं, "आरे सुरेश, जिना कोठे शे?"

मी घराभोवती एक चक्कर मारली. मग दुसरी मारली. जिना नव्हता! पुढे नव्हता, मागे नव्हता, आतही नव्हता. इतके दिवस मी उडूनच वर जात होतो; जिन्याची आठवण मला कुठून येणार?

"माय, ह्याच्यात उडून जायचं असतं," मी म्हणालो.

"मी काय चिडी शे का?" माय म्हणाली.

चिमणीच्या त्या प्रश्नावर सगळे असे हसले की ज्योतीच्या बशीतला चहा सांडला. थोरल्या भावाचा असा अपमान झाला की तो तिथल्या तिथे काहीतरी करून दाखवतो. मी पटापट जिना टाकला. तो खालून सुरू झाला, पण वर निघाला तो बरोबर रवीच्या खोलीच्या मधोमध.

"म्हणजे देवघरात जायला सगळे आमच्या खोलीतून जाणार?" ज्योतीनं विचारलं.

"भिंत सरकवतो ना," म्हणत मी भिंत सरकवली. रवीची खोली उरली कपाटाएवढी.

ज्योती घरी बसून साड्यांना लेस लावते. बोलते कमी, पण लेस इकडची तिकडे झालेली तिच्या नजरेतून सुटत नाही. ती उठली, टीव्हीजवळ गेली आणि काचेवर बोट ठेवून ठोकळे मोजू लागली. आमच्या खोलीचे मोजले. त्यांच्या खोलीचे, जिन्यात गेलेल्यांसकट, मोजले. मग म्हणाली, "दादा, जिना यायच्या आधीपण आमची लहानच होती."

हसणं थांबलं. रवीनं बशीतून मान वर केली. "खरंच का दादा?"

"अरे, ते पडद्यावर तसं दिसतं!" मी म्हणालो.

"पप्पा, पडद्यावर तसं काही नसतं," किंजल म्हणाली. (पोरांना शिकवू नये.)

आता विषय बदलणं भाग होतं. मी घाईनं देवघराकडे उडालो. "माय, हे बघ तुझं देवघर! इथे असा दिवा लावतो की तेल नको, वात नको, जन्मभर विझणार नाही!" गेममध्ये रसरशीत लाल लाव्हा असतो. त्याची एक बादली उचलली आणि मी देवांसमोर ओतली.

"पप्पा, रहेवा दो ने! लाकूड आहे!" किंजल किंचाळली.

लाव्हा ओघळला. आधी गालिचा पेटला, मग सागवानी भिंत, आणि ज्वाळा गेल्या थेट रवीच्या खोलीत! आमची खोली, का कोण जाणे, अजून शाबूत होती.

"बघा! आग लागली तीपण आमच्याच खोलीला!" ज्योती म्हणाली.

"पाणी टाका, पाणी!" संगीता ओरडली. मी पाण्याची बादली ओतली. गेममधलं पाणी थांबत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. वर आग, खाली पूर! तापीनं जे आमच्या घराचं केलं नव्हतं, ते मी एका बोटानं केलं. मायनं देवांना हात जोडले आणि म्हणाली, "देवघर जळी गयं ना रे!"

रवी उठला. "दादा, तू टेन्शन घेऊ नको. आम्ही कोसाडला भाड्यानं खोली बघतो."

आवाज अगदी शांत होता. गेममधलं घर गेलं त्याचं काही नाही, पण खरं घर फुटायला आलं होतं. मी म्हणालो, "अरे, हा नुसता खेळ आहे!" तो म्हणाला, "खेळातपण तू मला लहानच खोली दिली."

मी टीव्ही बंद केला.

दोन्ही भावांचं बोलणं बंद झालं. मोरीपुढच्या रांगेतही आम्ही एकमेकांकडे पाठ करून उभे राहू लागलो. ज्योती मात्र दुपारी लेसचं काम आटपलं की किंजलजवळ जाऊन बसायची. दोघी मोबाईलमध्ये डोकं घालून कुजबुजायच्या. मी डोकावलो की किंजल स्क्रीन फिरवायची. "पप्पा, तुम्ही लांबूनच बघा."

मग एके दिवशी त्यांनीच सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. ज्योतीनं घर बांधलं होतं. साध्या विटांचं. जिना बाहेरून, मायला चढता येईल असा बुटक्या पायऱ्यांचा. जिन्याखाली शिलाई मशीनची जागा, वर देवघर आणि दुसरी मोरी, शिवाय दोन्ही खोल्या तंतोतंत सारख्या. रवीनं ठोकळे मोजले. मीही मोजले, मनातल्या मनात.

"दादा, ठीक आहे का?" ज्योतीनं मला विचारलं. कपाळावर आठी नाही, आवाजात टोमणा नाही. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ठीक आहे," मी म्हणालो. "फक्त कारंजं..."

"नाही!" सगळं घर एका सुरात ओरडलं. त्यात रवीचा आवाज सगळ्यात मोठा होता. भाऊ माझ्याशी पुन्हा बोलू लागला तो असा.

मिस्त्रीनं ज्योतीच्या घराबरहुकूम मजला चढवला. गल्लीतले लोक बघायला येतात. मागच्या आठवड्यात भेस्तानहून माझ्या साडूंचा फोन आला. त्यांनाही वर मजला चढवायचाय. "तुम्ही मोबाईलमध्ये घर बांधता म्हणे! आमच्याकडे दोन दिवस या ना," म्हणाले. मी छाती फुगवून हो म्हणणार, तेवढ्यात संगीतानं फोन ओढून घेतला.

"भाऊजी, ह्यांना खुशाल बोलवा," ती म्हणाली. "फक्त तुमचं घर आधी बांधून होऊ द्या."

त्यामुळे मी भेस्तानला जाणार आहे, ते वास्तुशांतीच्या जेवणाला.