पाळ्यांची यादी मीच पुसली

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. तात्यांना सांगून झालं, म्हणून आता लिहिता येतंय.

नव्वदच्या दशकात मी बारामतीत कॉम्प्युटर क्लास चालवायचो आणि सणसरकडच्या एका पाणीवापर संस्थेचं कॉम्प्युटरचं मशीन सांभाळायचो. जुनं थ्री-एट-सिक्स, मेमरी चार एमबी. डॉसवर ते आपलं काम निमूट करायचं. पण क्लासला येणारा जो तो विंडोज पंच्याण्णवचं विचारायचा, आणि एवढ्याशा मशीनवरही ती चालवून दाखवायची मला खुमखुमी होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी फ्लॉप्यांचा गठ्ठा घेऊन गेलो. डिस्कवर जागा पुरेना. कशाची ते न बघता एक डिरेक्टरी उडवली. विंडोज बसली. सुरू होईपर्यंत माणूस चहा पिऊन यायचा. माउस हलवला की बाण मागून रांगत यायचा. तरी मी खूश. निघताना कळलं, उडवली ती पाण्याच्या पाळ्यांची, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं त्याची यादी होती. संस्थेचे कारकून तात्या, त्यांनी दोन महिने एकेक अक्षर शोधत भरलेली. मी मशीन बंद केलं आणि एसटी पकडली.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी पान्या-पकडींबरोबर मशीनचीही पूजा केली. दसऱ्यानंतर यादी सापडेना, तेव्हा मला बोलावणं आलं. फ्लॉपीच्या फटीत कुंकू दिसलं. मी म्हणालो, "हे आत गेलंय. त्यानंच यादी गेली."

चेअरमन म्हणाले, "तात्या, फुडच्या साली नारळबी फोडा त्याच्यावर."

सगळे हसले. वहीवरून पाळ्या पुन्हा लिहिल्या गेल्या, पण रिटायर होईपर्यंत तात्यांनी मशीनला हात लावला नाही. आपल्या हाताला यंत्र सोसत नाही, असं ते स्वतःच सांगत फिरायचे. ते माझ्या कानावर यायचं आणि मी विषय बदलायचो.

गेल्या महिन्यात त्यांच्या घरी गेलो. गोठ्यापाशी शेंगा फोडत बसले होते. मी मान खाली घालून सगळं सांगितलं.

तात्या म्हणाले, "म्हंजी माज्यानं न्हाय गेली?"

"नाही तात्या. मी पुसली."

"आन् ती तुमची नवी भानगड तरी चालली का नीट?"

"नाही. आठवड्यात परत डॉस टाकलं."

"मग कशापायी केला मास्तर एवढा कुटाणा?" म्हणाले आणि खोकला लागेपर्यंत हसले. मग आत हाक मारली, "सूनबाई, जरा भाईर या. ह्ये मास्तर काय सांगत्यात ऐका." माझ्याकडं वळून म्हणाले, "पयल्यापास्नं सांगा."

सांगितलं. तेवढ्यात शेजारचे आबा आले, त्यांच्यासाठी तिसऱ्यांदा. या खेपेला मी मान खाली घातली नाही. मी कुठं काही गाळलं की तात्याच आठवण करून देत होते.

"जेवूनच जावा आता," सूनबाई म्हणाल्या. मी हो म्हणालो.