अंधारातला रोहू

"आवो दिघेसाहेब, मी काय म्हंतो, ल्हान पोरगं बोलायला कसं शिकतंय? आई त्येला आधी व्याकरण सांगती व्हय?"

"शकुनबाई, ही लहान पोरं नाहीत. कामाधंद्याची माणसं आहेत. बागचीबाबूंच्या तोंडून तीन महिन्यांत एक शब्द फुटला नाही. म्हणतात, बाई नुसते हातवारे करतात."

"मंग? तोंडच उघडंना त्येला मी काय पहार लावू?"

"पुढच्या महिन्यापासून इंग्रजीतून समजावून शिकवा. नाहीतर मला दुसरं कुणी बघावं लागेल. आज मी वर्गात बसतो, मग ठरवू."

शकुन चौगुलेनं आपली पिशवी उचलली. इंग्रजीतून शिकवणार कशी? कागलकडच्या माळावर सातवी झालेली बाई ती, इंग्रजी म्हटलं की तिची गाडी 'थँक्यू'च्या पुढं जात नसे. आमच्याकडं बाईमाणूसही 'म्हंतो', 'करतो'च म्हणतं. कलकत्त्यात इतकी वर्षं काढूनही तिनं ते सोडलं नव्हतं, आणि का सोडावं? दिघे इथंच जन्मलेले, मराठी धुऊन-इस्त्री करून बोलणारे, धरमतल्याच्या या रशियन वर्गाचे चिटणीस.

रशियन तिला आलं ते असं. नवऱ्याला कारखान्यानं शिकायला तिकडं धाडलं, मागनं हीही गेली. शेजारी ल्यूबा नावाची विधवा. हिला तिची भाषा येईना, तिला हिची. ल्यूबानं बटाटा उचलून त्याचं नाव सांगितलं, मग सोलला आणि सोलण्याचं नाव सांगितलं. चुलीपाशी, धुण्यापाशी, बर्फ उपसताना असंच चाललं. वर्षाच्या आत दोघी कडकडून भांडायला लागल्या. भांडता आलं की भाषा आली, हा शकुनचा हिशेब, आणि शिकवायचीही ती तशीच. दार लावलं की आत रशियनशिवाय अक्षर नाही. पिशवीतनं एकेक जिन्नस काढायचा, दाखवायचा, पुसायचं, "श्तो एता?" म्हणजे, हे काय?

बागचीबाबूंचं तिलाही कोडंच होतं. दुर्गापूजेनंतर रशियाला निघालेला उंचापुरा माणूस, कान देऊन ऐकायचा, ओठ मात्र शिवल्यासारखे. ह्याच्या आत कोंडलंय तरी काय, असं तिला रोज वाटायचं.

त्या संध्याकाळी दिघे मागल्या बाकावर बसले. शकुननं पिशवीत हात घातला आणि लाइट गेली. पंखा कुरकुरत थांबला. खाली ट्राम आणि माणसं, दोन्हींचा गलका वाढला. वर्गात डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना.

अंधारातनं दिघ्यांचं मराठी आलं. "आता काय दाखवणार, शकुनबाई? आजच्यापुरतं तरी इंग्रजीत चालू द्या."

दाखवायचं गेलं तर तिच्या शिकवण्यात राहिलं काय? मग वाटलं, ल्यूबाकडं तरी मी नुसत्या डोळ्यांनी कुठं शिकलो? हातानंच तर शिकलो. तिनं कांदा चाचपला, नखानं फोडला आणि पहिल्याच्या हातात दिला.

"श्तो एता?"

"लुक!" वास घेऊन तो म्हणाला, म्हणजे कांदा. कांदा हातोहात फिरला. मागनं काड्यापेटी गेली, खुळखुळत. मंडळी खुशीत आली. बागचीपाशी मात्र जिन्नस पोचला की शांतता.

तिनं घाईनं पुन्हा पिशवीत हात घातला आणि चुकून भलतंच पुडकं त्याच्या हातात ठेवलं. येताना घरासाठी घेतलेला आख्खा रोहू होता तो.

ओला कागद चुरचुरला. मग बागचीबाबूंचा आवाज आला, चांगला भरदार.

"रीबा!"

मासा! शकुन हरखली. पण तो थांबेना. बोटं माशाच्या अंगावर दाबत असावा, हुंगत असावा.

"रीबा स्तारया!" मासा जुना आहे.

"न्येत!" शकुन उसळली. "स्व्येझया!" ताजा आहे.

हा शब्द त्यानं पहिल्यांदाच ऐकलेला. पण तो कशासाठी आला ते मासे खाणाऱ्याला सांगावं लागतंय होय? "न्येत! न्ये स्व्येझया!" तो गरजला. "ग्द्ये? ग्द्ये?" कुठं घेतलात, कुठं? आसपासचे पुढं सरसावले. पुडकं या हातातनं त्या हातात, जो तो दाबतोय, हुंगतोय, "स्तारया, स्तारया" करतोय. शकुन एकटी पडली, तरी माघार घेईना. नवऱ्याला इथं माशाची चटक लागलेली, ही मात्र मटणावर वाढलेली. गावात मासा यायचा तो सुका.

लाइट आली. बागचीबाबू उभे, एका हातात रोहू, दुसऱ्या हाताचं बोट त्याच्या कल्ल्यात. आतनं कल्ले काळपट. दिघेही बाक ओलांडून येऊन वाकले होते.

"डोळेसुद्धा आत गेलेत हो याचे," ते मराठीत म्हणाले.

शकुननं त्यांच्याकडं बोट रोखून रशियनमध्ये दटावलं. दिघ्यांना शब्द कळले नाहीत, अर्थ कळला. ते गुमान बाकावर जाऊन बसले.

वर्ग सुटताना बागचीबाबू दारात घुटमळले. "ज़ाव्त्रा," ते म्हणाले. उद्या. "बज़ार." आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून मान हलवली. म्हणजे उद्या मासा मी घेऊन देतो, तुमचं काम नव्हे ते.

दिघे चपला घालत म्हणाले, "इंग्रजीचं राहू द्या सध्या. पूजेनंतर बघू."

"बगा की. पर त्यो मासा कुठं टाकशिला?"

"मी?"

"ऱ्हाऊ द्या. मलाच लागतोय."

दुसरी तुकडी जिन्यावर धडधडत आली. शकुननं दार लावलं, फळा पुसला, नाकाला पदर लावून पुडकं सोडलं आणि पहिल्याच्या नाकाखाली धरलं.

"श्तो एता?"