शाळेच्या भंगारातले अकरा ड्रम

ती घटना आजही मला विसरता येत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, घाटातले अपघात तर नेहमीचेच. पण त्या दुपारइतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

खालापूर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळा होती. मुलींसाठी धड स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून मोठ्या मुली शाळा सोडत. मुख्याध्यापिका बाईंनी वर्गणी मागितली नाही. घरातलं भंगार शाळेला द्या, ते विकून बांधकाम करू, असं त्यांनी गावोगाव सांगितलं. रद्दी, बाटल्या, मोडके पंखे, गंजलेले पत्रे यांचा पडवीत ढीग लागला. पायाही खणून झाला.

मी तेव्हा पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. बाराच्या सुमाराला ग्रामीण रुग्णालयातून डॉक्टरांचा फोन आला. "साहेब, एमएलसी आहे, पोलीस केस. शाळेतली सेविका ड्रम धूत होती. हात, चेहरा भाजलाय, श्वास घेता येत नाही. ड्रममध्ये काय होतं ते लवकर कळवा."

स्टेशन डायरीत नोंद करून दोन हवालदारांसह मी शाळेत पोहोचलो. मागच्या नळापाशी निळे ड्रम उभे होते आणि हवेत डोळ्यांना झोंबणारा वास होता. मी वर्षानुवर्षं जे करत आलो तेच केलं. मुलांना घरी पाठवलं, जागा दोरीने बंद केली, पंच बोलावले, पंचनामा सुरू केला. कोणी आणले, कधी आणले, हे विचारत राहिलो. अर्ध्या तासाने हवालदाराने सांगितलं, "साहेब, ड्रम सात आहेत."

मुख्याध्यापिका बाई दचकल्या. "सात कसे? काल टेंपोतून अकरा आले होते. शाळेला मदत म्हणून. देणाऱ्याचं नाव काही सांगितलं नाही."

आमच्याकडे निळ्या ड्रमला फार मागणी. उन्हाळ्यात पाणी साठवायला प्रत्येक घराला तो हवा असतो. आदल्या संध्याकाळी गावातल्या तिघांनी एकेक नेला होता. हवालदार त्या घरांकडे पळाले. दोन ड्रम अंगणात कोरडेच सापडले. तिसऱ्यात एक म्हातारी बादलीने पाणी ओतायला निघाली होती. तिच्या हातातली बादली हिसकावून घ्यावी लागली.

चौथा कोणी नेला, हे शाळेत फक्त सेविकेला ठाऊक होतं आणि ती बेशुद्ध होती.

मार्ग सापडला तो एका शिक्षिकेच्या मोबाइलमध्ये. देणगीदाराचे आभार मानायला तिने ग्रुपवर फोटो टाकला होता आणि त्यात टेंपोचा नंबर स्वच्छ दिसत होता. वायरलेसवरून नंबर दिला. खोपोलीजवळ टेंपो अडवला आणि चालकाला ठाण्यात आणलं.

"मला काय म्हाईत नाय साहेब," तो एकच घोकत होता. "आमी भाडं मारतो. मालक बोलला शाळेत टाक, टाकलं."

दरडावलं की माणूस आणखी घट्ट मिटतो, हे मला अनुभवाने माहीत होतं. मी आवाज खाली आणला. "काल ड्रम उतरवले तेव्हा तुला चहा कोणी दिला?"

"शिपाईबायनी."

"ती ऑक्सिजनवर आहे. तेच ड्रम धूत होती."

तो खुर्चीतून उठलाच. "धुवायचे नव्हते ते! पानी पडलं की धूर येतो!" मग तोंड झाकून रडायला लागला. "साहेब, एक ड्रम मीच भिसेगावला पोचवला. बाय बोलली, भावाच्या पोरीचं लगीन हाय, जाताजाता टाक. मी तिला काय बोललोच नाय."

ड्रमवरून फाडलेल्या चिठ्ठ्या त्याच्या टेंपोतच होत्या. त्यावरचं रसायनाचं नाव मी डॉक्टरांना फोनवर वाचून दाखवलं. भिसेगाव कर्जतच्या हद्दीत, म्हणून कर्जत पोलिसांना कळवलं, पण त्या दिवशी तिथे तीन लग्नघरं होती आणि चालकाला घर माहीत असलं तरी नाव माहीत नव्हतं. त्याला जीपमध्ये घातलं आणि निघालो. सेविकेच्या नवऱ्याचा फोन लागत नव्हता. रस्ताभर चालक पुटपुटत होता, "तिथं चारला पानी येतं, बाय बोललेली."

पोहोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. मांडवात हळद चालली होती. बायकापोरं दाटीवाटीने बसली होती आणि मांडवामागे नवरीचा बाप पाइपने ड्रम भरत होता. एक भरला होता. पाइप उचलून तो निळ्या ड्रमकडे वळला. बँडच्या आवाजात माझी हाक त्याला ऐकू जाईना. मी धावत जाऊन पाइप ओढला, तेव्हा आम्ही दोघंही चिखलात पडलो.

"काय रं झालं?" तो ओरडला. मग अंगावरची वर्दी पाहून बाजूला सरला. मी आधी तो निळा ड्रम पाण्यापासून दूर सरकवला.

कारखान्यातला टाकाऊ माल विल्हेवाटीला नेणाऱ्या ठेकेदाराने तो खर्च वाचवायला ड्रम शाळेच्या गळ्यात मारले होते. त्याला अटक झाली. जबाब देताना मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "धर्माची गाय आणि दात का गं नाय! फुकट मिळालं म्हणून मी झाकण उघडून पाहिलं नाही. हेही लिहा साहेब, मला वाचवू नका."

पाचव्या दिवशी सेविका बोलू लागली. मी जबाबाची वही उघडायच्या आत तिने विचारलं, "भावाकडचा ड्रम काढला का?"

तिचा उजवा डोळा मात्र गेला. रसायन लवकर कळलं असतं तर वाचला असता का, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." पोलिसाला 'कोणी केलं' हा प्रश्न आधी सुचतो. 'अजून कोणाला धोका आहे' हा त्याच्या आधी विचारायला हवा. पंचनामा अर्धा तास थांबू शकतो. हे मी पुढे प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला सांगितलं.

स्वच्छतागृह बांधून झालं. त्याचं कुलूप सेविकेच्या हातून उघडलं. तिने माझ्यासमोर हात जोडले, "साहेब, तुमी आमचं लगीन वाचवलं." पंचनाम्यात घालवलेल्या त्या अर्ध्या तासाबद्दल तिला सांगायचं धैर्य मला झालं नाही. म्हणून आज इथे लिहितो आहे.