माहितीदार क्रमांक तीन

सभागृहात सगळ्यांच्या गळ्यात बिल्ले होते. बिल्ल्यावर नाव, नावाखाली विद्यापीठ. माझ्या बापाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर इंग्रजीत लिहिलं होतं : स्थानिक माहितीदार, क्रमांक तीन.

बाबांना इंग्रजी येत नाही. त्यांनी बिल्ला बोटांनी चाचपला. "यावर काय लिवलाय गो?"

"तुमचा नाव, बाबा," मी म्हटलं.

त्या दिवशीचं हे माझं पहिलं खोटं.

जूचंद्रच्या पुढे, खाडीच्या बांधाला लागून आमचं गाव. बाबांचा जन्म मिठागरात राबण्यात गेला. घरात पाणी शिरलं की ते जिथवर चढलं तिथे दाराच्या खांबावर कोयत्याने खाच पाडायची, ही आमच्या घराची रीत. आजोबांपासूनची. पुराच्या पूर्वतयारीवर तीन देशांच्या विद्यापीठांचा प्रकल्प आला, परदेशी निधीचा. मी गावातली, एम.ए. झालेली. मला दुभाषी म्हणून घेतलं. मी नुसती मिरवत होते. मीच त्यांना घरी नेलं, मीच खांब दाखवला.

बाबांनी हातचं काही राखलं नाही. कुठल्या तिथीला पाणी किती चढतं, नायगावकडे भराव पडल्यापासून ते कुठून वळतं, सगळं सांगितलं. त्यांना फक्त उघाडी हवी होती. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं, शेतातलं पाणी खाडीत सोडतं. आमचं दार कुजलं होतं.

म्हणून समारोपाच्या त्या सभेत, पडद्यावर आमचा खांब झळकला तेव्हा, बाबा उभे राहिले. हात जोडून म्हणाले, "आमची उघाडी कुजलीय. पावसाच्या आदी नवी बसवा. आमाला बाकी काय नको."

परदेशी पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. पेन उघडून तयार होता बिचारा. प्रकल्पाच्या मुंबईच्या मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. "हा निधी अभ्यासाचा आहे, दुरुस्तीचा नाही. पाहुण्यांसमोर मागण्या नकोत. सांग, ते आभार मानतायत."

मी सांगितलं. स्वच्छ इंग्रजीत.

टाळ्या वाजल्या. पाहुण्याने उठून बाबांचा हात हातात घेतला. बाबांना वाटलं, उघाडी मंजूर झाली. त्यांचे डोळे भरून आले. मला पुढच्या टप्प्यातही काम हवं होतं. मी गप्प बसले. हे लिहितानाही लाज वाटते.

आमच्याकडे पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर जातो. खाडीचा चिखल आणि पेंढा भरून बांध पक्का करायचा, उघाडीला नव्या फळ्या ठोकायच्या. कुणी चुकवत नाही. त्या वर्षी बाबांनीच सगळ्यांना थांबवलं. "यंदा कशाला? नवीन दार येनार हाय."

लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. मी रोज ठरवायची, आज सांगते. रोज जीभ रेटायची नाही.

आषाढी अमावास्येच्या उधाणाला, भर दुपारी, उघाडी वाहून गेली. खारं पाणी लावणीच्या भातात शिरलं, मग घरांत. बांधावर सगळं गाव जमलं. शेजारचे काका बाबांना म्हणाले, "तूच बोल्लास ना, मंजूर झाली?"

उत्तर माझ्याकडे होतं. घरी आल्यावर, गुडघाभर पाण्यात उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं. खुंटीवर जपून टांगलेला बिल्ला त्यांनी काढला.

"मंग यावर काय लिवलाय? खरा सांग."

मी वाचून दाखवलं.

त्यांनी त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एक नि दोन कोन?"

मला ते माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्या पुराची खाच बाबांनी पाडली नाही. बांधावर जाणं सोडलं. चारचौघांत बसणं सोडलं. माझ्याशी बोलतात, जेवलीस का, एवढंच.

हिवाळ्यात मॅडम आल्या, त्याच पाहुण्याला घेऊन. दुसऱ्या टप्प्याच्या निधीसाठी गावाचं संमतिपत्र लागत होतं. गाव देवळासमोर जमलं. बाबा लांब, पायरीवर. मॅडमनी माझ्या हातात कागद दिला. "पटापट सह्या घे यांच्या."

यांच्या. माझ्या बापाकडे न बघता.

मी कागद खाली ठेवला. पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं, त्या दिवशी माझ्या वडिलांनी आभार मानले नव्हते, दार मागितलं होतं. मी खोटं बोलले. कुणाच्या सांगण्यावरून, तेही सांगितलं. मग तेच सगळं गावाला सांगितलं, आमच्या बोलीत. शेजारच्या काकांनी मान खाली घातली.

"तू स्वतःचं नुकसान करून घेतेयस," मॅडम म्हणाल्या.

पाहुणा म्हणाला, दार निधीच्या नियमात बसत नाही. मी तेही गावाला शब्दन् शब्द सांगितलं. एकही सही झाली नाही. माझं काम गेलं.

बाबांची मी माफी मागितलेली नाही. भाताचं खाचर खारं करून माफी कसली मागायची?

घरी येऊन मी कोयता घेतला आणि खांबावर उरलेल्या पाण्याच्या डागाशी राहिलेली खाच पाडली. आजवरच्या सगळ्या खाचांच्या वर. ती माझी आहे. या पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर जाईल, आमच्या घरातून मी.

पुन्हा कुणी अभ्यासाला आलं तर आधी उघाडीपाशी नेईन, चिखलात. नवं दार बसल्याशिवाय आमची एक खाच, एक तिथी कुणाच्या अहवालात जाणार नाही. बाबांचं नाव मी इथेही लिहिलेलं नाही. ते त्यांना समोर उभं राहून विचारावं लागेल. आणि तेव्हा दुभाषी मीच असेन.