तिसरी रिंग

मी गाव सोडलं त्या संध्याकाळी वाशीमच्या ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर नऊ जण मला पोचवायला आले होते आणि त्यातले आठ रडत होते. नववे माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा बसचे टायर तपासत होते. प्रत्येक टायरला एकेक लाथ घालून झाल्यावर त्यांनी ड्रायव्हरच्या तोंडाचा वास घेतला, अगदी नाकाला नाक लावून, आणि मग मला कायदा सांगितला. पुण्यात उतरलो की एसटीडी बूथवरून गावातल्या गुरुजींच्या घरी फोन लावायचा. दोन रिंगा वाजल्या की ठेवायचा. दोन म्हणजे सुखरूप. तीन म्हणजे संकट, आणि मग ते निघणार.

"तिसरी वाजू नोको देजो, बापू," दादा म्हणाले. आईला आम्ही माय म्हणतो. ती डोळे पुसत पुन्हा पुन्हा हो म्हणत होती.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, असले कायदे तुमच्याही घरात होते. फक्त तुमच्या वडिलांनी ते इतके मनावर घेतले नसतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारगेटला उतरलो, बूथमध्ये शिरलो, नंबर फिरवला, आणि काचेबाहेर एका रिक्षावाल्यानं एका टेम्पोवाल्याचं डोकं धरून टेम्पोच्या पत्र्यावर आपटलं. टेम्पोवाल्यानं त्याचा कान चावला. पुण्याची माणसं फार आदबशीर असतात असं ऐकून आलो होतो, आणि ते खरंच होतं. तोंडातून रक्त गळत असतानाही दोघं एकमेकांना अहो म्हणत होते. इतकं देखणं भांडण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. भानावर आलो तेव्हा तिसरी रिंग वाजून गेली होती.

घाईनं फोन आपटला आणि चूक सुधारायला पुन्हा लावला. दोन रिंगा, ठेवला. मिटलं, असं मला वाटलं. पण तिकडे गुरुजींच्या ओसरीवर बसून दादांनी मोजल्या होत्या पाच. पाच रिंगांना आमच्या कायद्यात अर्थच नव्हता, म्हणून तो त्यांनी स्वतः लावला. तीन म्हणजे संकट, आणि पुढच्या दोन कुणीतरी पोराच्या मानेवर सुरा ठेवून वाजवून घेतल्यात.

तिसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि माझे काका पर्वतीच्या पायथ्याशी माझ्या खोलीवर हजर झाले. सोबत टॉवेलात गुंडाळलेली कुऱ्हाड. दार उघडलं घरमालकांनी, बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीत. त्यांनी दोघांना खालून वर पाहिलं आणि म्हणाले, "भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. पाटी वाचता येते का?"

बनियनला कॉलर नसते, म्हणून दादांनी गळाच धरला. चष्मा फुटला. नाकातून रक्ताची धार थेट दारातल्या रांगोळीवर. काकांनी त्यांना भिंतीशी दाबलं आणि दादा टॉवेल सोडू लागले, तोच मी हातात बादली घेऊन संडासातून बाहेर आलो.

दादांनी मला पाहिलं. धडधाकट, खांद्यावर पंचा. ते चालत आले आणि त्यांनी माझ्या कानाखाली अशी काही वाजवली की बादली खालच्या मजल्यावर जाऊन पडली. मग ते पायरीवर बसले आणि पाणी मागितलं. हात इतका थरथरत होता की निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. ही गोष्ट मी पंचवीसेक वर्षं लग्नांत, बारशांत आणि कंपनीच्या पार्ट्यांत सांगत आलो. घरमालकांचं शेवटचं वाक्य आलं की हशा ठरलेला: "आपला मुलगा सुखरूप आहे. आता मला दवाखान्यात न्या, आणि येताना खोली रिकामी करा." तो थरथरता हात मात्र मी नेहमी गाळायचो. त्यानं मजा जायची.

दादा पुढे गेले ते स्वतःच्या अंथरुणात, झोपेत. आयुष्यभर त्यांनी जे जे मार्ग कल्पिले होते, त्यातल्या एकानंही नाही. जाताना त्यांनी मला काय दिलं ते कळायला मला पन्नाशी गाठावी लागली.

मी भोसरीच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर झालो. म्हणजे काय काय वाईट होऊ शकतं याची यादी करायचा मला पगार मिळतो. कुणाचा हात प्रेसमध्ये जाईल, कुणावर क्रेनचा हूक पडेल, सगळं मला आधी दिसतं. कारखान्यात वर्षानुवर्षं अपघात नाही. घरी रोज पाच-सहा. माझी बायको मेधा मंडईतून भाजी घेऊन यायला वीस मिनिटं उशीर करते, तेवढ्यात मी तिला डंपरखाली घातलेली असते, पिशवीतले टोमॅटो रस्ताभर, आणि त्यातले टोमॅटो कुठले हे पोलिसांना ओळखू येत नाही. कुकरची शिट्टी अडकली की झाकण कुणाच्या तरी कवटीत. माझा जबडा दिवसभर आवळलेला, मान लाकूड, पोट बिघडलेलं, झोप तीन तास. हे मी स्वभाव म्हणून खपवलं. आमच्याकडे याला जीव लावणं म्हणतात.

एकदा मेधा न्हाणीघरात होती आणि तिनं तीन हाकांना ओ दिली नाही. मी पाटा उचलून दार फोडलं. आतली कडी उडून आरशात घुसली. काचांच्या पलीकडे मेधा साबण लावून उभी. ती पुण्याची आहे, सदाशिव पेठेत वाढलेली. शांतपणे म्हणाली, "अहो, मी अंघोळ करत होते. मरायचं असलं की आधी सांगेन."

आमची मुलगी सई तर या खेळात तयार झाली होती. हिंजवडीत नोकरीला लागल्यापासून रोज घरी येऊन हेल्मेट काढतानाच विचारायची, "बाबा, आज मी कशी गेले? कंपनीची बस की लिफ्ट?" मीही रंगवून सांगायचो. ती हसायची. पण निघाले, पोचले, जेवले, असे दिवसाला दहा-बारा मेसेज ती मला करत होती. दादांना दोन रिंगा पुरल्या होत्या. मला बारा पुरत नव्हते. प्रत्येक 'पोचले'नंतर दहा मिनिटं बरं वाटायचं, मग पुढचा डंपर निघायचा.

मग तो मंगळवार. सातला 'निघाले' यायला हवं होतं. आलं नाही. फोन बंद. पावणेआठला मी स्कूटर काढली. सिंहगड रस्ता ते हिंजवडी, त्या ट्रॅफिकमध्ये, आणि डोक्यात एका वेळी चार सिनेमे. एकात ती बसच्या चाकात, एकात लिफ्टच्या खड्ड्यात, उरलेले दोन मी इथे लिहीत नाही. गेटवर सिक्युरिटीवाल्यानं नियमाप्रमाणे सांगितलं की आत कोण आहे ते सांगता येत नाही. मी त्याची कॉलर धरली आणि त्याला बॅरिकेडवर ढकललं. तो साताऱ्याकडचा, मान रेड्यासारखी. "काका, हात काढा," तो दोनदा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. त्याच्या ठोशानं माझा पुढचा दात जागच्या जागी तुटला आणि मी तोंडभर रक्त घेऊन उठलो, पुन्हा त्याच्यावर जायला.

तेवढ्यात सई पायऱ्या उतरून आली. सोबत मित्रमैत्रिणी. तिच्या गालावर लालपांढरं काहीतरी लोंबत होतं. मेंदू, असं मी ठरवलं. तो केक होता. कुणाचा तरी वाढदिवस होता आणि तिच्या फोनची बॅटरी संपली होती.

ती जिवंत आहे हे कळलं आणि माझा हात वर गेला. मारला नाही. पण गेला, खांद्याच्या वरपर्यंत, सगळ्यांसमोर, आणि थरथरत होता. सईनं तो हात पाहिला. त्या दिवशी तिनं कशी गेले म्हणून विचारलं नाही.

दोन दिवसांनी जेवताना तिनं सांगितलं, की कंपनी तिला दोन वर्षांसाठी चेन्नईला पाठवत होती, हवं होतं तेच काम, आणि तिनं नाही म्हणून कळवलंय. "तू जगणार नाहीस, बाबा. आणि तिथल्या गेटवरचा माणूसही जगणार नाही." एवढं बोलून ताट घेऊन ती उठली.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू, मनातल्या मनात मी नाचलो. मेधानं माझ्याकडे पाहिलं.

"अहो, तुम्ही हसताय," ती म्हणाली. "रोज तिला मनात मारत होतात. आज खरंच मारलंत."

पुढच्या आठवड्यात मी टिळक रस्त्यावरच्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर बसलो होतो. मी त्यांना सगळे मृत्यू अभिनयासकट करून दाखवले. लिफ्टच्या वेळी मी खुर्चीवरून पडलोही. बाई हसल्या नाहीत. उलट पोट, मान, झोप, जबडा, किती वर्षं, असलं कंटाळवाणं विचारत बसल्या, आधी थायरॉइडची तपासणी करून घेतली आणि मग आजाराचं नाव सांगितलं: जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर. एका गोष्टीची नाही, सगळ्याच गोष्टींची चिंता, आवरता न येणारी, महिनोन्महिने.

"तुम्ही सेफ्टीत आहात ना?" त्या म्हणाल्या. "अलार्म खरा वाजतोय. आग नाहीये. अलार्म दुरुस्त करायचा असतो. तुम्ही दर वेळी दारं फोडताय."

हा अपमान मला आवडला. माझ्या धंद्यातला होता.

गोळी सुरू झाली. तीन आठवडे काहीच होईना, उलट मळमळ. मी बंद करणार होतो, बाईंनी फोनवर झापलं. हळूहळू डोक्यातल्या सिनेमांचा आवाज कमी झाला. चित्र दिसायचं, पण अंगावर यायचं नाही. त्याच दवाखान्यातल्या समुपदेशकानं दोन कामं लावली. एक, काळजीची वेळ ठरवायची: रोज साडेपाच ते सहा. दिवसभरात डंपर आला तर त्याला सांगायचं, साडेपाचला ये. दुसरं, वही करायची. डाव्या रकान्यात काय होणार, उजव्यात काय झालं. माझा डावा रकाना म्हणजे कत्तलखाना होता. उजवा वाचून झोप यायची: ट्रॅफिक, ट्रॅफिक, फोन सायलेंट, ट्रॅफिक. आणि सगळ्यात कठीण काम, पोचल्याचं विचारायचं नाही. विचारलं की त्या चिंतेला खाऊ मिळतो, असं तो म्हणाला. आधी दिवसाच्या बारा मेसेजचे आठ, मग चार, मग एक.

सई बघत होती. चौथ्या महिन्यात चेन्नईची जागा पुन्हा निघाली आणि तिनं माझ्यासमोर अट ठेवली. शुक्रवारी जाणार, फोन थेट रविवारी संध्याकाळी. मधे मेसेज नाही, लोकेशन नाही. "खरंच काही झालं तर तुलाही करेन आणि आईलाही. डील? नाहीतर आत्ताच सांग, मी पुन्हा नाही म्हणते."

डील, मी म्हणालो. माझ्या तोंडून आणखी एक शब्द निघाला असता तर ती गेली नसती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

शुक्रवारी दुपारी कॅब आली. मी एकाही टायरला लाथ मारली नाही. पायलटच्या तोंडाचा वास घ्यायची तशीही सोय नव्हती. सई मागच्या सीटवरून हात हलवत गेली आणि मी आत येऊन डावा रकाना भरायला घेतला. विमानापासून सुरुवात केली. दीड पान.

शनिवारी चार चाळीसला फोन वाजला. तो आतल्या खोलीत चार्जिंगला होता. एक रिंग. मी उठलो. दोन. दारात पोचलो. तीन. आणि बंद. स्क्रीनवर सईचं नाव.

सांगा, गाववाल्यांनो, हे काय होतं? तिला त्या कायद्याची फक्त विनोदी बाजू ठाऊक. पण माझ्या हाडांत तिसरी रिंग वाजली आणि मी चेन्नईतली एक खोली पाहिली, तिथला घरमालक पाहिला, सुरा पाहिला, जमिनीवरून माझ्याकडे येणारं रक्त पाहिलं. पायांनी चपला शोधल्या होत्या. मेधा दारात उभी होती आणि तिचा चेहरा मी इतका उतरलेला कधी पाहिला नव्हता. "करू का फोन?" तिनं विचारलं. ती विचारत होती, मला.

"खरंच काही असेल तर तुलाही येईल," मी म्हणालो. "साडेपाचला बघू."

पन्नास मिनिटं मी हात मांडीखाली दाबून बसलो. मेधाचा फोन टीपॉयवर पडून होता, आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो. तो वाजला नाही. साडेपाचला मी रीतसर काळजी करायला घेतली, सगळे खून एकामागोमाग एक, आणि अकराव्या मिनिटाला माझ्याकडचे खून संपले. खरंच संपले. मी कंटाळलो.

मग मायचा फोन आला, गावाहून. शुक्रवारपासून तिचा हा चौथा. "पोट्टी पोचली काय रे?"

"पोचली असन," मी म्हणालो.

"असन म्हंजे?"

"म्हंजे असन, माय. रविवारी सांगतो."

मला वाटलं, आता तिकडे कुऱ्हाड निघते. पण ती म्हणाली, "तुह्या बापाले हे जमलं नसतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

रविवारी सई तासभर बोलली. खोलीबद्दल, सांबारबद्दल, शेजारच्या मुलीबद्दल. शेवटी मी विचारलं. तिला आठवतही नव्हतं. फोन पर्समध्ये होता, दाबला गेला असेल. उजव्या रकान्यात मी लिहिलं: पर्स.

गाव सोडताना माझं घर म्हणजे जिथे पोचल्याचं कळवायचं ती जागा होती. दादा तिथे बसून रिंगा मोजत होते. आता घर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर सांगेन: जिथे कळवलं नाही तरी माणसाला जिवंत धरतात, ते. मला ते बांधायला पन्नास वर्षं लागली आणि त्यात एक दार, एक आरसा आणि एक दात खर्ची पडला. दादांची कुऱ्हाड गावीच आहे. माय तिनं सरपण फोडते.